एका संख्येची परीक्षा

लहान संख्येचा स्वभाव ओळखणे अवघड नसते. बारा ही संख्या उच्चारताच ‘बे सक बारा’, ‘तीन चोक बारा’ हे पाढे ओठांवर येतात, आणि बाराचे अवयव कोणते हे निराळा विचार न करताही कळते. तेराचे तसे नाही. एक आणि तेरा ह्यांखेरीज दुसऱ्या कोणत्याही संख्येने तेराला निःशेष भाग जात नाही. बारासारख्या संख्येस संयुक्त संख्या म्हणतात आणि तेरासारख्या संख्येस मूळ संख्या म्हणतात. प्रत्येक संयुक्त संख्या शेवटी मूळ संख्यांच्याच गुणाकाराने बनलेली असते. म्हणून इमारतीत विटांना जे महत्त्व, तेच अंकगणितात मूळ संख्यांना आहे.

परंतु संख्या जसजशी मोठी होत जाते, तसतसा ‘ही मूळ की संयुक्त?’ हा साधा प्रश्न बिकट होत जातो. ४,२९,४९,६७,२९७ ही संख्या पाहा. चार अब्ज एकोणतीस कोटी एकोणपन्नास लक्ष सदुसष्ट हजार दोनशे सत्त्याण्णव असे तिचे वाचन करतात. सेकंदाला एक अशा गतीने, रात्रंदिवस न थांबता, कोणी एकापासून मोजू लागला, तर ह्या संख्येपर्यंत पोहोचण्यास त्याला सुमारे एकशे छत्तीस वर्षे लागतील. ही संख्या मूळ आहे असे एका थोर गणितज्ञास वाटले होते. त्याचे म्हणणे खरे की खोटे, ह्याचा निवाडा होण्यास ब्याण्णव वर्षे जावी लागली.

ही संख्या म्हणजे कोणी सहज लिहून काढलेली आकड्यांची रांग नव्हे. तिची घडण मोठी रेखीव आहे. दोन ही संख्या घ्यावी आणि तिचा वर्ग करावा, चार येतात. चारचा वर्ग सोळा, सोळाचा वर्ग २५६, २५६ चा वर्ग ६५,५३६ आणि ६५,५३६ चा वर्ग ४,२९,४९,६७,२९६. दोनला दोनने गुणीत गेले आणि असे बत्तीस दोन एकत्र गुणले, तरी हीच शेवटची संख्या मिळते. आता २, ४, १६, २५६, ६५,५३६ आणि ४,२९,४९,६७,२९६ ह्या प्रत्येकीत एकेक मिळवावा. म्हणजे ३, ५, १७, २५७, ६५,५३७ आणि ४,२९,४९,६७,२९७ अशी मालिका तयार होते. पहिल्या दोन संख्या सोडल्या तर पुढील प्रत्येकीच्या एकंस्थानी सातच आहे. ह्याचे कारण सोपे आहे. सोळाच्या एकंस्थानी सहा आहे. सहा सक छत्तीस, म्हणून वर्ग कितीही वेळा केला तरी एकंस्थानचा सहा हलत नाही, आणि त्यात एक मिळवला की सात होतात.

सतराव्या शतकात फ्रान्समधील तुलूझ ह्या नगरात प्येर द फर्मा नावाचा एक विधिज्ञ राहत असे. न्यायसभेचे कामकाज हा त्याचा व्यवसाय, आणि गणित हा त्याचा विरंगुळा. परंतु हा विरंगुळा असा होता की, त्या काळातील मोठमोठ्या गणितज्ञांनाही त्याच्या पत्रांची वाट पाहावी लागे. फर्माने आपले बहुतेक शोध ग्रंथरूपाने छापले नाहीत. मित्रांना लिहिलेल्या पत्रांतून आणि पुस्तकांच्या समासांतून ते विखुरलेले राहिले. १६४० साली लिहिलेल्या एका पत्रात त्याने वरील मालिकेचा उल्लेख केला. ह्या मालिकेतील सर्व संख्या, ती कितीही पुढे नेली तरी, मूळच असतात अशी आपली खात्री झाली आहे, असे त्याने कळविले. आपणांस त्याची सिद्धता सापडलेली नाही, हेही त्याने मोकळेपणाने सांगितले होते. मात्र त्याचा विश्वास ढळला नाही. पुढे कित्येक वर्षे निरनिराळ्या पत्रांतून तो ह्या विधानाचा पुनरुच्चार करीत राहिला.

त्याच्या खात्रीचा आधार काय होता? ३, ५, १७ आणि २५७ ह्या संख्या मूळ आहेत हे पडताळणे सोपे. ६५,५३७ ला थोडे अधिक श्रम पडतात, पण तेही आटोक्यातले आहेत. एखाद्या संख्येचे दोन अवयव पाडले, तर त्यांतला एक तरी तिच्या वर्गमुळाहून मोठा असू शकत नाही. दोन्ही मोठे असते, तर त्यांचा गुणाकार मूळच्या संख्येलाही मागे टाकून गेला असता. म्हणून अवयव शोधताना वर्गमुळापर्यंतच्या मूळ संख्यांनी भागून पाहिले की पुरे होते. ६५,५३७ चे वर्गमूळ २५६ हून किंचित अधिक. २५६ पर्यंत मूळ संख्या चोपन्न आहेत. चोपन्न भागाकार केले आणि एकानेही निःशेष भाग गेला नाही, की संख्या मूळ ठरली. अशा रीतीने मालिकेतील पहिल्या पाच संख्या कसोटीला उतरल्या. सहावीपाशी मात्र वाट एकाएकी चढणीची होते. ४,२९,४९,६७,२९७ चे वर्गमूळ ६५,५३६ च्या घरात आहे, आणि तेथपर्यंतच्या मूळ संख्या आहेत ६,५४२! एका भागाकारास दोन मिनिटे धरली, तर दोनशे तासांहून अधिक वेळ केवळ भागाकार करण्यात जाईल. शिवाय एखादी चूक झाली तर सगळेच मुसळ केरात.

पाच संख्या मूळ निघाल्या, म्हणून सहावीही तशीच असली पाहिजे असे म्हणता येत नाही. फर्मासारखा साक्षेपी पुरुष हे जाणत होता. म्हणूनच सिद्धता नसल्याची कबुली त्याने दिली. तथापि त्याने ही सहावी संख्या नेटाने का तपासली नाही, ह्याचे नवल वाटल्याशिवाय राहत नाही. कारण सर्व ६,५४२ भागाकार करण्याचा प्रसंगच त्याच्यावर आला नसता. दोन, तीन, पाच, सात असे क्रमाने भागीत गेला असता, तर एकशे सोळाव्या मूळ संख्येशी त्याला थांबावे लागले असते. इ. स. १६६५ मध्ये फर्मा मृत्यू पावला, तेव्हा त्याचे विधान जसेच्या तसे उभे होते.

पुढे १७२९ सालच्या डिसेंबर महिन्यात मॉस्को येथून क्रिस्तियान गोल्डबाख ह्या विद्वानाने सेंट पीटर्सबर्ग येथील एका तरुण मित्राला पत्र धाडले. पत्राच्या शेवटी, सहज आठवले म्हणून लिहावे तसे, त्याने विचारले : फर्माचे हे विधान तुम्हांस ठाऊक आहे काय? त्याची सिद्धता कोणी दिल्याचे माझ्या ऐकिवात नाही. हा तरुण मित्र म्हणजे लेऑनार्ड ऑयलर. स्वित्झर्लंडमधील बाझल येथे १७०७ साली जन्मलेला ऑयलर त्या वेळी अवघा बावीस वर्षांचा होता. आरंभी त्याने ह्या प्रश्नाकडे फारसे लक्ष दिले नाही. परंतु गोल्डबाखने विषय सोडला नाही, आणि हळूहळू ऑयलरला त्याची गोडी लागली. १७३२ साली त्याने एक छोटा निबंध सादर केला आणि त्यात सांगून टाकले की, ४,२९,४९,६७,२९७ ही संख्या मूळ नाही. तिला ६४१ ने निःशेष भाग जातो.

हा ६४१ ऑयलरच्या हाती कसा लागला? त्या निबंधात त्याने आपली रीत सांगितली नाही. पुढे काही वर्षांनी लिहिलेल्या दुसऱ्या निबंधात ती उलगडली. ती पाहिली म्हणजे श्रम आणि युक्ती ह्यांतील भेद स्पष्ट होतो. ऑयलरने असे सिद्ध केले की, ह्या संख्येला जर कोणी मूळ संख्या भागीत असेल, तर त्या भाजकाला ६४ ने भागल्यावर बाकी एकच उरली पाहिजे. (ह्या नियमाची सिद्धता वरच्या वर्गांत शिकावयाची आहे.) एवढ्या एका नियमाने हजारो मूळ संख्या न तपासताच बाद झाल्या. ६४ च्या पाढ्यातील प्रत्येक संख्येत एक मिळवला की ६५, १२९, १९३, २५७, ३२१, ३८५, ४४९, ५१३, ५७७, ६४१ अशा संख्या मिळतात. ह्यांपैकी ६५, १२९, ३२१, ३८५ आणि ५१३ ह्या तर स्वतःच संयुक्त. त्या सोडून द्याव्या. उरल्या १९३, २५७, ४४९, ५७७ आणि ६४१. पहिल्या चौघींनी भागले असता अनुक्रमे १०९, २, ३२५ आणि २८८ अशी बाकी उरते. पाचवीने भागले की बाकी शून्य! एकशे सोळा भागाकारांचे काम पाच भागाकारांत उरकले.

हा भागाकार खरा आहे की नाही, हे पाहण्यासाठी दहा अंकी संख्येला हात लावण्याचीही आवश्यकता नाही. ६५,५३६ ला ६४१ ने भागावे. ६४१ गुणिले १०२ म्हणजे ६५,३८२, म्हणून बाकी १५४ उरते. आता ६५,५३६ च्या वर्गाला ६४१ ने भागले असता जी बाकी उरेल, तीच १५४ च्या वर्गालाही उरते. कारण १५४ वगळता ६५,५३६ मधला राहिलेला सर्व भाग ६४१ च्या पटीतलाच आहे. १५४ चा वर्ग २३,७१६. ६४१ गुणिले ३६ म्हणजे २३,०७६. वजाबाकी केली की ६४० राहतात. ह्याचा अर्थ असा की, ४,२९,४९,६७,२९६ ला ६४१ ने भागले तर बाकी ६४० उरते. आपल्या संख्येत तर आणखी एक मिळविलेला आहे. ६४० अधिक एक म्हणजे पूर्ण ६४१. बाकी काहीच उरली नाही. विद्यार्थ्याने वहीवर हा हिशेब एकदा करून पाहावा. सारे काम चार-पाच ओळींत होते. भागाकार येतो ६७,००,४१७. ही दुसरी संख्या मूळच आहे. तिलाही ऑयलरचा नियम लागू पडतो. त्यामुळे ती तपासण्यासाठी तिच्या वर्गमुळापर्यंतच्या, म्हणजे २,५८८ पर्यंतच्या, चाळीसच संख्या पाहाव्या लागतात, आणि त्यांतील एकीनेही तिला भाग जात नाही. तेव्हा ६४१ आणि ६७,००,४१७ हेच आपल्या संख्येचे अवयव, आणि त्यांच्याही पलीकडे तिचे आणखी तुकडे पडत नाहीत.

वर २५७ ने भागल्यावर बाकी दोन उरली, हा योगायोग नव्हे. मालिकेतील संख्यांचा परस्परांशी फार सुंदर संबंध आहे. तीन पाचे पंधरा, त्यात दोन मिळवले की सतरा. तीन, पाच आणि सतरा ह्यांचा गुणाकार २५५, त्यात दोन मिळवले की २५७. ह्या चारींचा गुणाकार ६५,५३५, आणि दोन मिळवून ६५,५३७. पाचही संख्यांचा गुणाकार केला तर ४,२९,४९,६७,२९५ येतो, आणि त्यात दोन मिळवले की आपली संख्या पुढे उभी राहते. म्हणून मागच्या पाचांपैकी कोणीही तिला भागू लागली तरी दोनची बाकी ठरलेलीच. मालिका पुढे कितीही नेली तरी हा नियम मोडत नाही. साऱ्याच संख्या विषम असल्यामुळे कोणत्याही दोघींना एकाहून मोठा असा सामाईक अवयव असू शकत नाही. प्रत्येक नवी संख्या आपल्यासोबत निदान एक तरी नवी मूळ संख्या घेऊनच येते. मालिकेला अंत नाही. त्याअर्थी मूळ संख्यांनाही अंत नाही. फर्माचे विधान खोटे ठरले, पण त्याच्या मालिकेने हे एक मोठे सत्य सहजगत्या हाती दिले.

ह्या संख्यांचा भूमितीशी काही संबंध असेल, हे मात्र फर्माच्या किंवा ऑयलरच्या ध्यानीमनीही नव्हते. ३० मार्च १७९६ रोजी जर्मनीतील कार्ल फ्रीड्रिख गाउस ह्या अठरा वर्षांच्या विद्यार्थ्याला असा शोध लागला की, केवळ पट्टी आणि कंपास ह्यांच्या साहाय्याने सतरा सारख्या बाजूंची सुसम आकृती काढता येते. त्रिकोण आणि पंचकोन प्राचीन ग्रीकांना साधले होते. त्यानंतर सुमारे दोन हजार वर्षांत कोणत्याही नव्या मूळ संख्येएवढ्या बाजूंची भर पडली नव्हती. पुढे गाउसने सामान्य नियमच सांगितला. बाजूंची संख्या विषम असेल, तर ती फर्माच्या मालिकेतील मूळ संख्यांपैकी एक, अथवा त्यांतील निरनिराळ्या संख्यांचा गुणाकार असली तरच अशी आकृती काढता येते. ह्या नियमाच्या दुसऱ्या बाजूची सिद्धता वांत्सेल ह्या फ्रेंच गणितज्ञाने १८३७ साली पूर्ण केली. ह्यामुळे एक चमत्कारिक गोष्ट घडते. ४,२९,४९,६७,२९५ बाजूंची आकृती पट्टी-कंपासाने काढणे निदान तत्त्वतः शक्य आहे. प्रत्येक बाजू एक सेंटिमीटर धरली, तर तिची परिमिती पृथ्वीच्या विषुववृत्तापेक्षाही अधिक भरेल! पण फक्त दोन बाजू वाढवल्या आणि आपल्या संख्येइतक्या बाजूंची आकृती काढू म्हटले, तर ते कोणालाही, कधीही साधणार नाही. वाटेत ६४१ आडवा येतो. ६५,५३७ बाजूंच्या आकृतीची रीत लिहून काढण्यासाठी तर हेर्मेस नावाच्या एका जर्मन गणितज्ञाने दहा वर्षे खर्ची घातली. त्याचे ते हस्तलिखित ग्योटिंगेनच्या विद्यापीठात जतन करून ठेवलेले आहे. एवढ्या चिकाटीला काय म्हणावे!

ऑयलरनंतर ऐंशी वर्षांनी आपली दहा अंकी संख्या पुन्हा एकदा लोकांच्या चर्चेचा विषय झाली. अमेरिकेतील झेरा कोलबर्न हा शेतकऱ्याचा मुलगा १८०४ साली जन्मला. तो सहा वर्षांचाही झाला नव्हता, तोच मनातल्या मनात मोठमोठे गुणाकार करतो असे त्याच्या बापाच्या लक्षात आले. बापाने त्याला गावोगाव फिरवून त्याचे प्रयोग लावले आणि १८१२ साली लंडनला नेले. तेथे विद्वान मंडळी ह्या आठ वर्षांच्या मुलाची परीक्षा घेऊ लागली. कागदावर साधा गुणाकार मांडणेही त्या वेळी त्याला येत नव्हते. त्याला ४,२९,४९,६७,२९७ ही संख्या सांगण्यात आली. त्याने केवळ मनाने हिशेब करून ही संख्या म्हणजे ६४१ गुणिले ६७,००,४१७ असे उत्तर दिले. ह्या मुलाचे पुढे काय झाले, हे वाचून थोडी खंत वाटते. शाळेत जाऊन नीट शिकण्याच्या वयात त्याचा बराच काळ लोकांसमोर खेळ करण्यात गेला. मोठेपणी ही विलक्षण शक्ती ओसरली. १८३३ साली त्याने आपले आत्मचरित्र लिहिले, आणि १८३९ मध्ये, वयाच्या पस्तिसाव्या वर्षी, तो निवर्तला.

सहावी संख्या संयुक्त निघाली, सातवीचे काय? बुद्धिबळाच्या पटावर पहिल्या घरात एक, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात चार असे दुपटीने धान्याचे दाणे मागणाऱ्या चतुर माणसाची गोष्ट सर्वांना ठाऊक आहे. चौसष्ट घरांतील दाण्यांच्या एकूण बेरजेत आणखी दोन दाणे टाकले, की १,८४,४६,७४,४०,७३,७०,९५,५१,६१७ ही मालिकेतील सातवी संख्या होते. १८८० साली लांद्री ह्या ब्याऐंशी वर्षांच्या फ्रेंच गृहस्थाने तिचा २,७४,१७७ हा अवयव प्रसिद्ध केला. त्यानंतर विसाव्या शतकात संगणक आले आणि शोधाचा वेग वाढला. सहावीपासून पुढच्या लागोपाठ अठ्ठावीस संख्या आजवर तपासून झाल्या आहेत. एकूण एक संयुक्त निघाल्या. त्यांतील काहींची स्थिती तर फार चमत्कारिक आहे. १९९९ साली ज्या एका संख्येचा निकाल लागला, तिच्यात पन्नास लाखांहून अधिक अंक आहेत. ती संयुक्त आहे हे निश्चित सिद्ध झाले, पण तिचा एकही अवयव अद्याप कोणाच्या हाती लागलेला नाही. दारापाशी उभे राहून आत दोघे बोलत आहेत हे ऐकू यावे, पण ते कोण हे कळू नये, तसाच हा प्रकार म्हणावयाचा.

फर्माला ठाऊक असलेल्या ३, ५, १७, २५७ आणि ६५,५३७ ह्या पाच संख्यांखेरीज ह्या मालिकेतील सहावी मूळ संख्या आजपर्यंत कोणालाही आढळलेली नाही. ती कोठे तरी पुढे आहे की मुळीच नाही, हेही सिद्ध झालेले नाही. क्रमाने पाहू गेल्यास ज्या पहिल्या संख्येचा निकाल लागावयाचा आहे, ती मालिकेतील चौतिसावी होय. तिच्यातील अंकांचीच गणती अडीच अब्जांहून अधिक भरते.